मोटारीतील उपग्रह-रेडिओ आणि उष्णतेचा उपद्रव

‘हत्ती गेला आणि शेपूट राहिले’ अशी एक म्हण आपल्या भाषेत रूढ आहे. एखादे अवघड कार्य बहुतांशी सिद्धीस जावे आणि अगदी अखेरच्या क्षुल्लक बाबीपाशी ते अडून बसावे, असा तिचा भावार्थ होय. विज्ञानाच्या क्षेत्रात ह्या म्हणीचे उत्तम उदाहरण पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील मोटारींत बसविलेल्या उपग्रह-रेडिओकडे पाहावे. पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून निघालेली बिनतारी लहर अंतराळ आणि वातावरण ओलांडून मोटारीच्या टपापर्यंत सुखरूप येऊन पोहोचते. आणि तेथून हातभर अंतरावर असलेल्या, लहानशा वहीएवढ्या पेटीत शिरल्यावर मात्र कित्येकदा मुकी होऊन जाते. कारण विचारावे, तर मोटार दोन प्रहरी तासभर उन्हात उभी होती, इतकेच!

असे का घडते, त्यात दोष कोणाचा, आणि त्यावर उपाय कोणता, ह्याचा थोडा विचार ह्या लेखात करावयाचा आहे. आपल्या पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकातील उष्णता व वीज ही दोन्ही प्रकरणे येथे उपयोगी पडतात. म्हणून विद्यार्थिवर्गास हा विषय रुक्ष वाटणार नाही, अशी आशा आहे.

उपग्रह-रेडिओ म्हणजे काय?

नेहमीच्या रेडिओचे प्रक्षेपण जमिनीवरील उंच मनोऱ्यावरून होते. एफ. एम. पद्धतीच्या केंद्राचा आवाज साधारणतः पन्नास ते शंभर किलोमीटरपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. त्यापुढे तो क्षीण होत जातो आणि भलत्याच केंद्राचा आवाज त्यात मिसळू लागतो. अमेरिकेसारख्या विस्तीर्ण देशात, जेथे मालमोटारींचे चालक दिवसाकाठी शेकडो मैल ओसाड मुलखातून प्रवास करतात, तेथे ही अडचण मोठीच होती.

१९४५ साली आर्थर क्लार्क ह्या इंग्रज लेखकाने असे दाखवून दिले होते की, विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाबरोबरच एक प्रदक्षिणा पुरी करील, आणि त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्यास तो आकाशात एकाच जागी स्थिर असल्यासारखा भासेल. असा उपग्रह म्हणजे जणू छत्तीस हजार किलोमीटर उंचीचा प्रक्षेपण-मनोराच होय. एका मनोऱ्याने सारा देश व्यापावा, ही उपग्रह-रेडिओमागील मूळ कल्पना.

अमेरिकेच्या सरकारने ह्या कामासाठी २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवला आणि १९९७ साली दोन कंपन्यांना परवाने दिले. त्यांपैकी ‘एक्सएम’ ह्या कंपनीचे प्रक्षेपण २५ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाले. ‘सिरियस’ ही दुसरी कंपनी २००२ साली श्रोत्यांपुढे आली. पुढे २००८ च्या जुलै महिन्यात ह्या दोन्ही कंपन्या एक होऊन ‘सिरियस एक्सएम’ ही संस्था बनली. श्रोत्याने वर्गणी भरावी आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेच केंद्र अखंड ऐकावे, असा हा व्यवहार आहे.

आपल्या देशालाही ह्या विद्येचा अल्पकाळ परिचय झाला होता. ‘वर्ल्डस्पेस’ ह्या संस्थेने २००० साली ‘एशियास्टार’ नावाचा उपग्रह सोडला, आणि त्यावरून येणारी गाणी आपल्याकडील पुष्कळ रसिकांनी ऐकली. परंतु भारतात ही सेवा मुख्यत्वे घरात बसून, खिडकीशी अँटेना लावून ऐकण्याची होती. मोटारीत तिचा प्रसार झाला नाही. २००९ च्या अखेरीस ती बंद पडली. म्हणून मोटारीतील उपग्रह-रेडिओचा अनुभव पाहावयाचा तर अमेरिकेकडेच वळले पाहिजे.

आकाशातील तजवीज

ह्या योजनेच्या कर्त्यांना पहिल्यापासून एक गोष्ट ठाऊक होती. इतक्या दुरून येणारी लहर अत्यंत दुर्बळ असते आणि तिची लांबी अवघी तेरा सेंटिमीटर असल्यामुळे पूल, इमारत, दाट झाडी असा कोणताही अडथळा तिला सहज अडवितो. धावत्या मोटारीपुढे असे अडथळे तर घडोघडी यावयाचे. म्हणून त्यांनी तीन प्रकारची तजवीज केली.

पहिली तजवीज अशी की, एकच कार्यक्रम एका उपग्रहावरून न सोडता निरनिराळ्या दिशांना असलेल्या दोन उपग्रहांवरून सोडावयाचा. एक झाडाआड गेला तरी दुसरा दिसतो. दुसरी तजवीज अधिक चतुराईची आहे. दोन्ही उपग्रहांवरून येणाऱ्या कार्यक्रमांत सुमारे चार सेकंदांचे अंतर ठेवलेले असते. संच आधी आलेला कार्यक्रम आपल्या स्मृतिकोशात साठवून ठेवतो. मोटार पुलाखालून जाताना क्षणभर दोन्ही उपग्रह दिसेनासे झाले, तरी ह्या साठ्यातून आवाज चालू राहतो आणि श्रोत्याला पत्ताही लागत नाही. तिसरी तजवीज म्हणजे मोठ्या शहरांतून, गगनचुंबी इमारतींच्या गर्दीत, जमिनीवरच बसविलेली साहाय्यक प्रक्षेपण-केंद्रे.

सिरियसच्या मूळ योजनेत आणखी एक विशेष होता. २००० साली सोडलेले तिचे तीन उपग्रह स्थिर नव्हते. ते लांबट कक्षेतून फिरत आणि प्रत्येक उपग्रह दिवसाचे सुमारे सोळा तास विषुववृत्ताच्या उत्तरेस राही. त्यामुळे अमेरिकेतील श्रोत्यास उपग्रह क्षितिजालगत न दिसता बराच माथ्यावर दिसे आणि झाडे व इमारती आड येण्याचा प्रसंग कमी होई.

अशा दुहेरी योजनेचा लाभ किती असतो, हे साध्या गणिताने कळते. समजा, एका उपग्रहाकडून कार्यक्रम मिळण्याची संभाव्यता १० पैकी ९ आहे. मग न मिळण्याची संभाव्यता १० पैकी १. उपग्रह दोन असतील आणि त्यांचे अडथळे परस्परांहून स्वतंत्र असतील, तर दोघांकडूनही न मिळण्याची संभाव्यता १०० पैकी अवघी १ उरते. म्हणजेच एकाला दुसऱ्याची जोड देताच भरवसा ९० वरून ९९ वर गेला!

आकाशात अपघात झालेच नाहीत असे मात्र नाही. २००१ साली सोडलेल्या एक्सएमच्या पहिल्या दोन उपग्रहांना विनोदाने ‘रॉक’ आणि ‘रोल’ अशी नावे दिली होती. त्यांच्या सौरपंखांवर अधिक ऊन परावर्तित करण्यासाठी लावलेले आरसे हळूहळू धुरकट झाले आणि विजेचा पुरवठा अपेक्षेहून लवकर घटू लागला. तेव्हा २००५ आणि २००६ साली नवे उपग्रह पाठवून ती उणीव भरून काढावी लागली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सोडलेला ‘एसएक्सएम-७’ हा उपग्रह कक्षेत गेल्यावर चाचणीच्या वेळीच निकामी ठरला. इतक्या उंचीवर दुरुस्तीसाठी कोण जाणार? परंतु जुने उपग्रह कार्यक्षम असल्याने श्रोत्यांचे प्रक्षेपण खंडित झाले नाही, आणि जून २०२१ मध्ये ‘एसएक्सएम-८’ यशस्वीपणे वर गेला. येथेही जोडीदार ठेवण्याचे धोरणच कामास आले.

आता खाली मोटारीकडे पाहावे. वर दोन उपग्रह, शहरात साहाय्यक केंद्रे; पण श्रोत्याजवळ अँटेना एक, तार एक आणि पेटीही एकच! त्या पेटीत एकामागून एक कामे करणारे अनेक भाग असतात. त्यांतील कोणताही एक थांबला तर सारेच थांबते. प्रत्येक भागाचा भरवसा शंभरात नव्याण्णव धरला, तरी असे दहा भाग ओळीने लागले की एकंदर भरवसा सुमारे नव्वदावर उतरतो. आकाशात कष्टाने मिळविलेले नऊ गुण मोटारीत अशा रीतीने गमाविले जातात. आणि ह्या भागांचा भरवसा कमी करणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उष्णता.

काचेआड कोंडलेले ऊन

उन्हात उभी केलेली मोटार आतून किती तापते, ह्याची मोजणी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपी ह्या गावी केली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बाहेरील हवा ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असलेल्या दिवशी एक तास उन्हात ठेवलेल्या मोटारींच्या आतील हवेचे उष्णतामान सरासरी ४७ अंश भरले. सुकाणूचे चक्र ५३ अंश आणि बैठक ५१ अंश. परंतु समोरच्या काचेखालचा डॅशबोर्ड मात्र तब्बल ६९ अंशांवर गेला होता! सावलीत ठेवलेल्या मोटारींत तोच डॅशबोर्ड ४८ अंशांपर्यंत तापला. ह्याचा अर्थ असा की, एवढ्याशा सावलीने डॅशबोर्डावरील एकवीस अंशांचा भार हलका केला.

डॅशबोर्डच इतका का तापावा? सूर्यकिरण काचेतून विनासायास आत येतात आणि काळ्या पृष्ठभागावर पडून शोषले जातात. तापलेला पृष्ठभाग स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतो. परंतु ह्या लांब लहरींच्या उष्णकिरणांना काच पारदर्शक नसते. शिवाय तापलेली हवा वर जाऊन निघून जावी आणि तिच्या जागी थंड हवा यावी, हे अभिसरणही बंद मोटारीत होत नाही. येणारी वाट मोकळी आणि जाणारी वाट बंद, अशा स्थितीत उष्णता साठतच जाते. तिरप्या मोठ्या काचेखाली पसरलेला डॅशबोर्ड ह्या माऱ्यात सर्वांच्या पुढे असतो.

आणि नेमक्या त्याच जागी पुष्कळ श्रोते आपला रेडिओ-संच चिकटवीत असत. प्रारंभीच्या काळात बहुतेक मोटारी जुन्या होत्या. त्यांत हे यंत्र कारखान्यातून बसवून आलेले नव्हते. म्हणून काचेला किंवा डॅशबोर्डाला चिकटविता येतील आणि घरी काढून नेता येतील असे लहान संच बाजारात आले. ते हाताला सोयीचे आणि डोळ्यासमोर राहणारे होते. पण उष्णतेच्या दृष्टीने त्यांना मोटारीतील सर्वांत वाईट जागा मिळाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

पेटीच्या पोटातील उष्णता

बाहेरील ऊन हा झाला एक भाग. संच स्वतःही उष्णता निर्माण करतो. धावत्या मोटारीत विजेचा दाब सुमारे १४ व्होल्ट असतो. संचाच्या आतील नाजूक भागांना पुष्कळदा केवळ ५ व्होल्ट पुरतात. साध्या पद्धतीचा दाब-नियामक हा उरलेला दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. समजा, प्रवाह एक अँपिअर आहे; तर जळणारी शक्ती = (१४ − ५) × १ = ९ वॉट. उपयोगी पडलेली शक्ती ५ वॉट आणि वाटेत जळालेली ९ वॉट! शिवाय ती ५ वॉट शक्तीही अखेरीस बव्हंशी उष्णताच होते. तळहाताएवढ्या, पंखा नसलेल्या, प्लॅस्टिकच्या बंद पेटीत चौदा वॉटची शेगडी पेटती ठेवावी, तसाच हा प्रकार. प्लॅस्टिक हे उष्णतेचे मंद वाहक आहे, हे आपण प्रयोगशाळेत पाहिलेच आहे.

उपग्रह-रेडिओत ही उष्णता साध्या रेडिओपेक्षा अधिक असण्याचे कारणही लक्षात घ्यावे. साधा रेडिओ लहर पकडून तिचा आवाज करतो. उपग्रह-रेडिओला दोन उपग्रह आणि साहाय्यक केंद्र ह्यांच्याकडून आलेले आकडे निवडणे, त्यांतील चुका सुधारणे, साठविणे, गुप्त लिपी उलगडणे आणि मग त्यांपासून आवाज घडविणे, अशी हिशेबाची कामे क्षणोक्षणी करावी लागतात. जी चतुराई पुलाखाली आवाज तुटू देत नाही, तिचीच किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते.

आता बेरीज करावी. डॅशबोर्डाजवळ ६९ अंश आहेत आणि संचाच्या पोटातील उष्णतेने समजा आणखी वीस अंश वाढले. तर आतील भाग ८९ अंशांवर जातील. घरगुती वापराचे इलेक्ट्रॉनिक भाग साधारणतः ० ते ७० अंशांसाठी आणि कारखान्यांत वापरावयाचे भाग उणे ४० ते ८५ अंशांसाठी बनविलेले असतात. म्हणजे ह्या दोन्ही मर्यादा येथे ओलांडल्या गेल्या.

उष्णता कोणाकोणाला छळते?

मोटारीतील रेडिओ आणि उष्णता ह्यांचे वैर जुने आहे. १९३० साली पॉल गॅल्व्हिन ह्यांच्या कारखान्याने ‘मोटोरोला’ नावाचा मोटार-रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्यात काचेच्या नळ्या होत्या आणि त्या तापविल्याखेरीज चालतच नसत. १९५५ साली फिल्को आणि क्रायस्लर ह्या कंपन्यांनी केवळ ट्रान्झिस्टरांवर चालणारा मोटार-रेडिओ आणला. त्या काळचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असत आणि ऐंशी अंशांच्या आसपास त्यांचा धीर सुटत असे. पुढे सिलिकॉनने त्यांची जागा घेतली. ते दीडशे अंशांच्या आसपासपर्यंत तग धरू शकते. मग आज अडचण कोठे उरली? ती सिलिकॉनच्या शेजाऱ्यांत उरली.

पहिला शेजारी म्हणजे विजेचा साठा करणारा कपॅसिटर. त्याच्या एका जातीत पातळ द्रव भरलेला असतो, आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. ह्या जातीविषयी कारागिरांचा ठोकताळा असा की, उष्णतामान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांवर सुमारे ८,००० तास आणि ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकावा. केवळ वीस अंशांच्या फरकाने आयुष्याची चौपट होते किंवा चौथाई होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा शेजारी म्हणजे डाख, अर्थात सोल्डर. त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसे ह्यांचा डाख १८३ अंशांवर वितळतो. तेव्हा मोटारीच्या उष्णतेने तो वितळेल हे शक्य नाही. पण तो थकतो. संचातील पट्टी आणि तिच्यावरील भाग हे तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. रोज दुपारी प्रसरण आणि रोज रात्री आकुंचन, असे शेकडो वेळा झाले की मधल्या डाखाला केसासारखी बारीक चीर पडते. तार वरचेवर वाकविली की तुटते, तसेच हे आहे. मग संच थंड असता चालतो आणि तापताच बंद पडतो, किंवा खड्ड्यातून चाक गेले की मुका होतो आणि दुसऱ्या खड्ड्याने बोलू लागतो!

तिसरा शेजारी म्हणजे अक्षरे दाखविणारी काच. तिच्यात द्रव-स्फटिक नावाचा पदार्थ असतो. ठराविक मर्यादेपलीकडे उष्णतामान गेले की त्याच्या कणांची शिस्त मोडते आणि सारी काच काळी किंवा फिकी पडते. थंड झाल्यावर ती बहुधा पूर्ववत् होते. म्हणून हा दोष भीतिदायक दिसला तरी सहसा कायमचा नसतो.

चौथी गोष्ट अँटेनाची. टपावरील अँटेनाच्या पोटात एक लहान वर्धक असतो. प्रत्येक विद्युत्-यंत्रात उष्णतेमुळे एक सूक्ष्म गोंगाट चालू असतो आणि तो निरपेक्ष उष्णतामानाच्या प्रमाणात वाढतो. २७ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे ३०० केल्व्हिन आणि ७७ अंश म्हणजे सुमारे ३५० केल्व्हिन. तेव्हा हा गोंगाट सुमारे एक-षष्ठांशाने वाढला. मोकळ्या माळावर एवढ्याने काही बिघडत नाही. पण झाडांखाली आधीच क्षीण झालेली लहर एवढ्यानेही हरपू शकते.

ह्याशिवाय कित्येक संचांत आत्मरक्षणाची योजना असते: ठराविक मर्यादेपलीकडे तापताच यंत्र आपण होऊन थांबते. श्रोता त्याला बिघाड समजतो. वस्तुतः ते शहाणपण आहे.

दोष कोणाचा, हे कसे ओळखावे?

वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसेच येथेही करावे. आवाज केव्हा गेला आणि केव्हा परत आला, एवढे टिपून ठेवले तरी अर्धे निदान होते.

(१) आवाज पूल, बोगदा किंवा दाट झाडीपाशी गेला, आणि मोकळ्यावर येताच परतला, तर दोष वाटेचा आहे. संच निर्दोष आहे.

(२) आवाज मोकळ्या माळावरही वारंवार जातो आणि थंडी-ऊन ह्यांचा त्याच्याशी संबंध दिसत नाही, तर अँटेना आणि तिची तार तपासावी. दारात चेपलेली तार हे ह्याचे नेहमीचे कारण होय. अँटेना धातूच्या टपावर सपाट बसली आहे की नाही, हेही पाहावे.

(३) इंजिन सुरू करण्याच्या क्षणीच संच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तर त्या वेळी विजेचा दाब खाली जात असला पाहिजे. बॅटरी आणि जोडण्या पाहाव्यात.

(४) मोटार उन्हात उभी राहिल्यानंतरच आवाज अडखळतो, काच काळी पडते, किंवा संच आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होतो, आणि मोटारीतील हवा थंड केल्यावर थोड्याच वेळात सारे सुरळीत होते, तर अपराधी उष्णताच, ह्यात संशय नाही.

पहिल्या तीन दोषांना पुष्कळ लोक चौथा समजतात आणि चौथ्याला पहिला. मग उगाच अँटेना बदलली जाते, किंवा चांगला संच टाकून दिला जातो.

उपाय

काही उपाय निर्मात्याच्या हातचे आहेत. मोटारीसाठी बनविलेल्या भागांची परीक्षा कशी घ्यावी ह्याचे नियम १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोठ्या मोटार-कंपन्यांनी एकत्र येऊन ठरविले. त्यांतील एका वर्गाचे भाग उणे ४० पासून १२५ अंशांपर्यंत टिकले पाहिजेत असा दंडक आहे. दाब जाळून टाकणाऱ्या नियामकाऐवजी विजेची वेगाने उघडझाप करून दाब उतरविणारा नियामक वापरला, तर वाया जाणारी उष्णता पुष्कळच घटते. धातूची पेटी उष्णता पसरविते. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे जागा बदलणे: आज उपग्रह-रेडिओ बहुधा मोटारीबरोबर कारखान्यातूनच येतो आणि डॅशबोर्डाच्या आत, थेट ऊन लागणार नाही अशा ठिकाणी बसतो.

श्रोत्याच्या हातचे उपाय तर अगदी साधे आहेत. मोटार सावलीत उभी करावी. ते न साधल्यास समोरच्या काचेला आतून उन्हाचा पडदा लावावा. काढता येणारा संच उतरताना काढून घ्यावा, निदान खालच्या कप्प्यात ठेवावा. संचाभोवती हवा खेळू द्यावी. त्याच्यावर फडके किंवा कागद टाकू नये. तापलेल्या मोटारीत शिरताच संच सुरू न करता आधी दारे उघडून कोंडलेली हवा घालवावी आणि मग थोड्या वेळाने कळ दाबावी. उलटपक्षी, तापलेल्या संचावर थंड पाण्याचे फडके ठेवणे वगैरे अघोरी उपाय कदापि करू नयेत. ओलावा हा उष्णतेइतकाच वाईट.

एक सोपा प्रयोग

पुठ्ठ्याच्या दोन सारख्या पेट्या घ्या. दोन्हींच्या आत काळा कागद लावा. प्रत्येकीत एकेक उष्णतामापक ठेवून त्याचा फुगा कागदाच्या पट्टीने झाका, म्हणजे थेट ऊन लागणार नाही. एका पेटीवर काच ठेवा, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही पेट्या उन्हात ठेवून अर्धा तासपर्यंत दर पाच मिनिटांनी उष्णतामान टिपा आणि आलेख काढा. नंतर काचेवर पांढरा पुठ्ठा आडवा धरून तेच पुन्हा करा. दोन आलेखांतील अंतर पाहिले म्हणजे पडद्याचे महत्त्व शब्दांनी सांगण्याची गरज उरणार नाही. उष्णतामापक शंभर अंशांपर्यंतचा घ्यावा आणि तापलेल्या काचेला उघड्या हाताने शिवू नये.

रेडिओहून मोलाची गोष्ट

टेंपी येथील जी मोजणी वर सांगितली, ती रेडिओसाठी केलेली नव्हती. बंद मोटारीत राहिलेल्या लहान मुलाच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे जाणण्यासाठी ती केली होती. अमेरिकेत तापलेल्या मोटारीत सापडून दरसाल सरासरी सुमारे ३७ बालके प्राणास मुकतात, असे १९९८ पासूनच्या नोंदी सांगतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसून आले की, बाहेर केवळ २२ अंशांची सुखद हवा असतानाही बंद मोटारीतील उष्णतामान तासाभरात सुमारे बावीस अंशांनी चढते, त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि खिडकी किंचित उघडी ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून मुलाला मोटारीत ठेवून जाणाऱ्या माणसाने हे आकडे ध्यानात ठेवावेत. संच तापला तर तो आपण होऊन थांबतो आणि थंड झाल्यावर पुन्हा बोलू लागतो. लेकराच्या बाबतीत ती सोय नाही.

आपल्याकडे मोटारीत उपग्रह-रेडिओ नसला, तरी नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि डॅशबोर्डावर मोबाइल फोन तर आज घरोघरच्या मोटारींत ठेवलेले दिसतात. त्यांच्या पोटातही तेच कपॅसिटर, तोच डाख आणि तशाच नाजूक काचा आहेत. म्हणून हा धडा केवळ परदेशचा नव्हे. यंत्र घेताना ते किती दुरून काय आणते एवढेच न विचारता, ते कोठे ठेवावयाचे आणि तेथे दोन प्रहरी किती ऊन असते, हेही विचारावे. आणि मोटारीतून उतरताना मागच्या बैठकीकडे एकवार वळून पाहावे.